सॉफ्टबॉल, आईबाप आणि पाच वर्षांचं गणित

सॉफ्टबॉलचा जन्म बॉक्सिंगच्या ग्लोव्हपासून झाला असं सांगितलं तर थाप वाटेल, पण गोष्ट खरी आहे. १८८७ सालचा थँक्सगिव्हिंगचा दिवस. शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात काही मंडळी हार्वर्ड-येल फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट बघत बसली होती. येल जिंकल्याचं कळलं आणि आनंदाच्या भरात एकाने दुसऱ्याकडे ग्लोव्ह भिरकावला. त्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गृहस्थांनी लगेच ग्लोव्ह दोरीने आवळून त्याचा चेंडू केला, आणि छपराखालचा बेसबॉल सुरू झाला. पुढे तो बाहेर मैदानावर आला, आणि १९२६ मध्ये डेन्व्हरच्या वाय.एम.सी.ए.मधल्या वॉल्टर हॅकन्सन यांनी त्याला 'सॉफ्टबॉल' हे नाव सुचवलं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बेसबॉलचं धाकटं भावंड. चेंडू मोठा, मैदान लहान, आणि पिचर हात खालून फिरवून चेंडू टाकते. नावात सॉफ्ट आहे म्हणून फसू नका. नडगीवर बसला की नावाचा अर्थ विसरायला होतो.

आज मला खेळाबद्दल फार बोलायचं नाहीये. खेळ कोण चालवतं, हा माझा प्रश्न आहे. मी न्यू जर्सीत राहतो, मुलगी गावच्या लीगमध्ये खेळते, आणि मी त्या लीगचं वेळापत्रक बनवतो (म्हणजे एक स्क्रिप्ट बनवते, मी तिच्यावर ओरडतो). माझे मामा खानदेशात क्रीडाशिक्षक होते. आपल्याकडे शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल आहे, त्यांनी मुलींचे संघ वर्षानुवर्षं तयार केले. एकदा फोनवर त्यांना हे सगळं सांगत होतो.

"अरे, पण मग शाळा काय करते?"

"मामा, इथे लहान मुलींच्या लीगशी शाळेचा संबंधच नाही."

"मग सरांना पगार कोण देतं?"

"सरच नाहीत. आईबाप असतात."

"आणि आईबाप गेले की?"

मामांच्या या शेवटच्या प्रश्नावरच हा सगळा लेख आहे.

आधी थोडा इतिहास. १९३९ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावी कार्ल स्टॉट्झ नावाच्या साध्या नोकरदाराने लहान मुलांसाठी तीन संघांची बेसबॉल लीग काढली. संघांना आश्रयदाता मिळावा म्हणून तो पन्नासहून जास्त ठिकाणी नकार ऐकत फिरला, मग एका डेअरीने होकार दिला. हीच लिटल लीग. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की स्टॉट्झला स्वतःला मुलगा नव्हता. त्याने हे केलं भाच्यांसाठी, आणि भाचे मोठे झाल्यावरही तो त्यातच राहिला. पंधरा-सोळा वर्षांनी संघटना मोठी झाली, कारभार कंपनीसारखा झाला, आणि नियंत्रणाच्या भांडणात स्टॉट्झच बाहेर पडला. पण गावोगावचा साचा त्याचाच राहिला: मैदान गावाचं, शर्टावर नाव दुकानदाराचं, आणि मेहनत फुकट.

या साच्यात मुली नव्हत्या. १९५० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंगची कॅथरीन जॉन्स्टन मुलगा असल्याचं भासवून खेळली, तर पुढच्या वर्षी मुलींना बंदी करणारा नियमच आला. तो मोडला आमच्या न्यू जर्सीत. १९७२ मध्ये होबोकेनची बारा वर्षांची मरिया पेपे तीन सामने खेळली. लिटल लीगने गावाची सनद काढून घेण्याची धमकी दिली आणि तिला बाहेर बसावं लागलं. नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेनने प्रकरण लढवलं. संघटनेचे एक वरिष्ठ अधिकारी, क्रेटन हेल, यांनी मुलींची हाडं मुलांपेक्षा कमजोर असतात अशी साक्ष दिली. सुनावणी अधिकारी सिल्व्हिया प्रेसलर यांनी ती मानली नाही आणि १९७३च्या नोव्हेंबरमध्ये निकाल मुलींच्या बाजूने दिला. पेपेचं वय तोवर उलटून गेलं होतं. (हेल यांनी पुढे कधीतरी पेपेला सांगितलं म्हणे, की माझी नात खेळते. आता बोला!)

निकालानंतर काय झालं ते आपल्या विषयासाठी जास्त महत्त्वाचं. १९७४च्या वसंतात न्यू जर्सीतल्या अनेक लीगांनी मुलींना घेण्यापेक्षा मोसमच स्थगित ठेवला. म्हणजे खेळायला मुलं तयार, मुली तयार, मैदानं तयार, आणि व्हॉलंटियर संपावर! फुकट काम करणाऱ्या माणसाच्या हातात केवढी सत्ता असते, ते तेव्हा दिसलं. कोर्टाने निकाल कायम केला, संघटनेने नियम बदलला, आणि त्याच वर्षी मुलींसाठी वेगळी लिटल लीग सॉफ्टबॉल सुरू केली. पहिल्याच वर्षी जवळजवळ ३०,००० मुलींनी नावं नोंदवली.

तिकडे शाळांसाठी १९७२ मध्ये टायटल नाइन हा समानतेचा कायदा आला होता. त्या आधी, १९७१-७२ मध्ये, देशभरातल्या हायस्कुलांत वेगवान पिचिंगचा सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुली दहा हजारांच्या आत होत्या. अलीकडे तो आकडा साडेतीन लाखांच्या आसपास असतो. १९८२ पासून कॉलेजांची एन.सी.ए.ए. स्पर्धा सुरू झाली, त्यामागून शिष्यवृत्त्या आल्या. तेव्हा 'मुलींना हल्ली खेळायला नको, फोन हवा' हे जे ऐकू येतं, ते हायस्कूलच्या आकड्यांशी जुळत नाही. मुली खेळताहेत.

तरी गावच्या लीगा आक्रसताहेत. लिटल लीगची खेळाडूसंख्या १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात शिखरावर होती, नंतर उतरत गेली. पूर्वी एकेका गावात चार-चार संघ असायचे, आता तीन गावं मिळून एक मोसम उभा करतात. हे कोडं मला खेळाडूंच्या बाजूने सुटेना. मग व्हॉलंटियरच्या बाजूने मांडून बघितलं.

गावच्या लीगमध्ये पालकाची कारकीर्द कशी असते बघा. पहिल्या वर्षी तो घडीची खुर्ची टाकून कॉफी पीत बसतो. दुसऱ्या वर्षी कोणीतरी त्याला हेरतं आणि तो असिस्टंट कोच होतो. तिसऱ्या वर्षी कोच. चौथ्या वर्षी कमिटीत ओढला जातो: युनिफॉर्म, मैदानांचे परवाने, अंपायरांचं वेळापत्रक, खाऊचा स्टॉल. पाचव्या वर्षी त्याला खरोखर सगळं कळायला लागलेलं असतं. सामानाच्या शेडची तिसरी किल्ली कोणाकडे, पाऊस पडल्यावर कुठलं मैदान आधी सुकतं, म्युनिसिपालिटीत फोन कोणाला करायचा. आणि सहाव्या वर्षी मुलगी मोठी होऊन बाहेर पडते, मागोमाग तोही.

म्हणजे पूर्ण तयार माणूस लीगला मिळतो फार तर दीड-दोन वर्षं. आमच्या धंद्यात अशी टीम असेल तर मॅनेजरला रात्री झोप लागणार नाही.

आता यात एकच आकडा बदला. अमेरिकेतल्या अ‍ॅस्पेन इन्स्टिट्यूटने २०१९ मध्ये यूटा स्टेट युनिव्हर्सिटीबरोबर केलेल्या पाहणीत दिसलं, की मूल एखाद्या खेळात सरासरी तीन वर्षांपेक्षाही कमी टिकतं आणि अकराव्या वर्षापर्यंत तो सोडतं. ही पाहणी सगळ्या खेळांची आहे, पण गणित इथे लावून बघा. पाचाचे तीन झाले, तर आपण म्हणू चाळीस टक्के मनुष्यबळ घटलं. प्रत्यक्षात घट तशी सारखी पसरत नाही. कोच कसेबसे मिळतात, वरचे दोन मजले मात्र पार नाहीसे होतात. कमिटीत कोणी चढतच नाही, कारण तिथे पोचायच्या आत मुलगी फुटबॉलला नाहीतर नाचाच्या क्लासला गेलेली असते. बाहेरून लीग व्यवस्थित दिसते, मुली खेळत असतात, आणि आत तीन-चार माणसं वीस जणांचं काम ओढत असतात. ती थकली की एका हिवाळ्यात नोंदणीच सुरू होत नाही.

त्यात 'ट्रॅव्हल' संघांची भर. गावची लीग म्हणजे 'रेक': जी येईल तिला घ्यायचं, सगळ्यांना खेळवायचं. ट्रॅव्हल म्हणजे निवड चाचणी, पगारी कोच, शनिवार-रविवार दुसऱ्या राज्यात स्पर्धा, वर्षाला हजारो डॉलर. कॉलेजचे कोच उन्हाळी स्पर्धांतून मुली हेरतात, त्यामुळे शिष्यवृत्तीच्या आशेने लोक तिकडे वळले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण तिकडे जातं कोण? सगळ्यात उत्साही घर. जिची आई स्कोअरबुक लिहिते आणि बाबा सकाळी सहाला मैदानावर दाताळं फिरवतात, तीच मुलगी दहाव्या वर्षी जाते. लीगमधून एक पिचर कमी होते, आणि त्याच दिवशी एक कोच, एक स्कोअरर आणि एक दाताळं. खेळाडूंची गळती आणि व्हॉलंटियरची गळती असे दोन वेगळे तक्ते काढतात, पण दोन्ही तक्त्यांत घर एकच असतं.

आणि नव्या माणसाला तयार करणंही आता सोपं राहिलेलं नाही. न्यू जर्सीत १९८६ मध्ये फुकट काम करणाऱ्या कोचला खटल्यांपासून संरक्षण देणारा कायदा झाला, त्यासोबत सुरक्षेच्या प्रशिक्षणाची अट आली. २००३ पासून लिटल लीगने प्रत्येक व्हॉलंटियरची दरवर्षी पार्श्वभूमी तपासणं सक्तीचं केलं. २००९ मध्ये वॉशिंग्टन राज्यापासून डोक्याच्या इजेबद्दलचे कायदे सुरू झाले, २०१८ मध्ये मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा सेफस्पोर्ट कायदा आला. यातलं एकही कलम मला काढायचं नाही, माझीच मुलगी तिथे असते. पण प्रत्येक नव्या पालकामागे हा खर्च ठरलेला आहे, आणि तो पालक टिकतोय मात्र कमी. मग तोच खर्च पुन्हापुन्हा करायचा.

२०२० मध्ये कोविडने आणखी एक घाव घातला. मोसम रद्द झाले, विश्वमालिकाही झाली नाही. ज्यांचं ते शेवटचं वर्ष होतं ते पालक कोणाच्याही हातात किल्ल्या न देताच निघून गेले. २०२३ मध्ये न्यू जर्सीतल्याच डेप्टफर्ड गावच्या लिटल लीगची बातमी देशभर गाजली. शिवीगाळीला कंटाळून दोन अंपायर सोडून गेल्यावर तिथल्या लीगने नियम केला: अंपायरशी हुज्जत घालणाऱ्या पालकाने आधी तीन सामन्यांत स्वतः अंपायरिंग करायचं, मगच पुन्हा प्रेक्षक म्हणून यायचं. लोक हसले. मला त्यात हुशारी दिसली. बाहेर बसून ओरडणारा माणूस त्यांनी आत ओढला.

आपल्या गणपती मंडळाशी तुलना करून बघा. तिथेही वर्गणी, परवाने, भांडणं सगळं आहे. पण कार्यकर्त्याची निवृत्ती मुलाच्या इयत्तेवर ठरत नाही. पंधराव्या वर्षी दोरी धरणारा पोरगा पन्नाशीत खजिनदार असतो. मामांच्या शाळेत मुली बदलत, मामा तीस वर्षं तेच. अमेरिकेच्या गावातल्या लीगमध्ये सगळे एकदमच बदलतात.

आमच्या लीगमध्ये खजिनदार असलेल्या बाईंच्या मुली कॉलेज संपवून नोकरीला लागल्या. तरी त्या दर फेब्रुवारीत नोंदणीच्या टेबलावर असतात. त्या थांबल्या म्हणून आमची लीग आहे, बाजूच्या गावची आता नाही.

माझ्या मुलीचा हा शेवटचा मोसम. हिवाळ्यातल्या मीटिंगमध्ये आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. प्रत्येक कामाला दोन माणसं, त्यातलं एक सात-आठ वर्षांच्या मुलीचं पालक. लीगमधून बाहेर पडलेल्या हायस्कूलच्या मुलींना थोडे पैसे देऊन लहान गटाचं अंपायरिंग. आणि शेडच्या किल्ल्यांपासून परवान्यांपर्यंत सगळं लिहून काढणं. तिसरं काम माझ्याकडे आलंय. वेळापत्रकासाठी मी अजून दोन वर्षं राहतो म्हणालो.

मुलगी म्हणाली, "बाबा, पण मी तर नसणार."

म्हटलं, माहीत आहे गं. जूनच्या शेवटच्या सामन्याला तू माझ्यासाठी खुर्ची आण.