प्रोसेसरचा ताप आणि पुराव्याची गोष्ट

सप्टेंबर २००१ मध्ये इंटरनेटवर एक छोटी चित्रफीत आली. थॉमस पाब्स्ट या जर्मन डॉक्टराने १९९६ साली सुरू केलेल्या ‘टॉम्स हार्डवेअर’ या संकेतस्थळाने ती बनवली होती. प्रयोग अगदी साधा होता. संगणकावर ‘क्वेक थ्री’ हा गेम सुरू ठेवायचा आणि तो चालू असतानाच प्रोसेसरवरचा हीटसिंक उचलून बाजूला ठेवायचा. इंटेलचा पेंटियम ४ मंदावला, पण बंद पडला नाही. पेंटियम ३ अडकला, पण नंतर पुन्हा सुरू झाला. एएमडीच्या अ‍ॅथलॉनमधून मात्र काही क्षणांत धूर निघाला. मोजलेलं तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं होतं.

ही चित्रफीत जगभर पाहिली गेली. ‘एएमडी जळतो’ हे वाक्य दुकानदारांच्या तोंडी बसलं. अ‍ॅथलॉन स्वस्त आणि वेगवान होता, तरीही ही भीती अनेक वर्षं टिकली. एक दृश्य लोकमत कसं घडवतं, याचं हे उत्तम उदाहरण. पण त्या दृश्याने नेमकं काय सिद्ध केलं, हा प्रश्न फार कमी लोकांनी विचारला. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९७१ साली आलेल्या इंटेल ४००४ मध्ये जेमतेम २,३०० ट्रान्झिस्टर होते. त्याला थंड ठेवण्यासाठी काहीच लागत नव्हतं. पुढची वीसेक वर्षं घरगुती संगणकांचं असंच चाललं. १९९२-९३ च्या सुमारास वेगवान ४८६ आणि पहिला पेंटियम आला, तेव्हा चिपवर धातूचा ठोकळा आणि पंखा दिसू लागला. २००१ चा १.४ गिगाहर्ट्झ अ‍ॅथलॉन ७२ वॅटपर्यंत उष्णता टाकत होता आणि तीही साधारण १२० चौरस मिलिमीटर, म्हणजे नखाएवढ्या जागेतून. घरातल्या इस्त्रीशी तुलना करा. हजार वॅटची इस्त्री ती उष्णता सुमारे २०० चौरस सेंटिमीटरच्या तळावर पसरवते. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे इस्त्रीचे ५ वॅट आणि अ‍ॅथलॉनचे ६०. हीटसिंक काढल्यावर तो जळाला, यात नवल काहीच नव्हतं. नवल होतं ते पेंटियम ४ वाचला याचं. त्याच्या आतच तापमान ओळखणारी आणि काम आपोआप मंद करणारी सोय होती.

म्हणजे त्या चित्रफितीने दोन चिपमधली सुरक्षेची सोय तपासली. कोणता हीटसिंक चांगला, कोणता प्रोसेसर रोजच्या वापरात जास्त तापतो, याबद्दल तिने काहीच सांगितलं नव्हतं. त्यासाठी वेगळी, कंटाळवाणी आणि प्रामाणिक चाचणी लागते.

तिची परंपरा जुनी आहे. अठराव्या शतकात यान इंगेनहाउझ या डच वैद्याने, बेंजामिन फ्रँकलिनच्या सूचनेवरून, वेगवेगळ्या धातूंच्या तारांवर मेण चढवलं, त्यांची टोकं तापवली आणि कोणत्या तारेवरचं मेण किती दूरपर्यंत वितळतं ते पाहिलं. सगळ्या तारा सारख्या, फक्त धातू वेगळा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. तांबं अ‍ॅल्युमिनियमपेक्षा उष्णता चांगली वाहून नेतं, हे आज आपण सहज म्हणतो, त्यामागे असल्या चाचण्या आहेत.

हीटसिंक तपासणाऱ्यांना हा नियम पाळणं जड गेलं. सुरुवातीला अनेक जण मदरबोर्डवरच्या सेन्सरवर विसंबत. तो चिपच्या आत नव्हे, सॉकेटमध्ये खाली बसवलेला असे. त्यामुळे एकच हीटसिंक एका बोर्डवर ‘थंड’ तर दुसऱ्यावर ‘गरम’ ठरे. थर्मल पेस्ट कमीजास्त लागली, क्लिप नीट बसली नाही, दुपारी खोली तापली, की आकडे बदलले. मग काहींनी खरा प्रोसेसर बाजूला ठेवून तांब्याचा ठोकळा विजेने तापवायला सुरुवात केली. किती वॅट आत जातात ते ठाऊक, तापमान ठोकळ्यातच मोजलेलं. त्यातून एक साधा आकडा मिळतो. प्रत्येक वॅटमागे चिप खोलीपेक्षा किती अंश वर जाते?

हा आकडा आपल्यासाठी फार कामाचा आहे. समजा, तो ०.५ आहे. ७२ वॅटचा प्रोसेसर खोलीपेक्षा ३६ अंश वर जाईल. युरोपातल्या २२ अंशांच्या खोलीत तो ५८ वर थांबेल. मे महिन्यात नागपूर किंवा मालेगावच्या ४२ अंशांच्या खोलीत तोच ७८ वर पोहोचेल. हीटसिंक तोच, निकाल वेगळा. ज्या परीक्षणात खोलीचं तापमान दिलेलं नाही, त्यावर आपल्या भागातल्या माणसाने पैसे लावू नयेत. मागांच्या गावात तर पात्यांमध्ये सुताची बारीक तूस अडकते. तिची चाचणी कुठल्याच परीक्षणात होत नाही.

इतिहासाने नंतर गंमत केली. २००३ च्या अ‍ॅथलॉन ६४ ला धातूचं आवरण आणि तापमान हाताबाहेर गेल्यास बंद होण्याची सोय मिळाली. उलट २००४ चा पेंटियम ४ ‘प्रेस्कॉट’ शंभर वॅटच्या पुढे गेला. त्याच वर्षी इंटेलने त्याचा पुढचा वारस आणि ४ गिगाहर्ट्झचा बेत, दोन्ही रद्द केले. कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत त्याबद्दल चक्क गुडघे टेकून, हसतहसत माफी मागितली. तीन वर्षांपूर्वी ज्या कंपनीची चिप धुरातून वाचली होती, तिचाच वेग उष्णतेने अडवला.

आज जवळपास कुठलाच प्रोसेसर तसा जळत नाही. तापला की तो निमूटपणे मंद होतो. त्यामुळे वाईट हीटसिंकचा पुरावा आता धूर देत नाही, रखडलेलं काम देतं. म्हणून हल्लीच्या चाचणीत तापमानाबरोबरच, अर्धा तास पूर्ण भार दिल्यावर वेग किती टिकला, हेही पाहावं लागतं. जे दिसतं ते लगेच पटतं. जे मोजावं लागतं त्यासाठी थांबावं लागतं. संगणक घेताना असो वा इतिहास वाचताना, समोरच्या दृश्याला आपण एवढंच विचारावं : तुझ्यासोबत मोजमाप काय आहे?