वाळूतले मोजे आणि आजीच्या सुया

बाहेर ४५ अंश आणि घरात एसीने गार पडलेली फरशी. दुबई मरीनातला उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. त्यामुळे आईने किंवा सासूबाईंनी विणलेल्या लोकरीच्या सपाता तुमच्याही घरात असतील. ‘आपली जुनी मराठी कला’ असे आपण त्यांच्याबद्दल सहज म्हणतो. इतिहास मात्र तसे म्हणत नाही.

घोटाळा भाषेने केला आहे. आपण घोंगडी ‘विणतो’ आणि मोजेही ‘विणतो’. पण सणगर दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी मागावर विणतो, उभ्या धाग्यांत आडवे धागे घालून, आणि तिला चिंचोक्याची खळ देतो. सुयांवर एकच धागा असतो, फासातून फास काढत जायचा. दोन्ही कामांना एकच क्रियापद मिळाले आणि नव्या कामाला जुन्याचे वय चिकटले.

सुयांच्या या कामाचे जुने पुरावे इजिप्तमध्ये आहेत. ऑक्सिरिंकस येथे सापडलेले लाल लोकरीचे मोजे तिसऱ्या ते पाचव्या शतकाच्या दरम्यानचे. चपलेचा पट्टा बसावा म्हणून त्यांचा अंगठा वेगळा आहे! ते मात्र एका सुईने, वेगळ्या पद्धतीने केलेले. खऱ्या अर्थाने दोन सुयांचे म्हणावेत असे सुती मोजे तिथेच पुढे, इस्लामी राजवटीत दिसतात. स्पेनमध्ये बुर्गोसजवळच्या लास वेल्गास मठात, १२७५ साली वारलेल्या राजपुत्राच्या थडग्यात विणलेली उशी मिळाली. तिच्यावर अरबी अक्षरे आहेत. म्हणजे युरोपने ही विद्या अरबी जगाकडून घेतली असावी, असे मानायला जागा आहे.

आपल्याकडे ती उलट्या वाटेने आली. एकोणिसाव्या शतकात मिशनच्या शाळा आणि इंग्रज मडमा यांनी सुया आणि क्रोशा आणला. ‘क्रोशा’ हा शब्दच फ्रेंच, अर्थ आकडा. पुढे पुण्याच्या सेवासदनासारख्या (१९०९) संस्थांनी शिवणकामाचे वर्ग चालवले आणि सुईदोऱ्यावर बाईला चार पैसे मिळू शकतात हे दाखवले. सुलट-उलट, साखळी, खांब हे मराठी शब्द मात्र घराघरांतल्या बायकांनी रुजवले. त्यांची नावे कुठेच नोंदलेली नाहीत, याची मला जास्त खंत वाटते.

आता आपल्या दाराशी या. रब अल्-खालीच्या तापलेल्या वाळूत पाय भाजू नयेत म्हणून बेदू लोक जनावरांच्या राठ केसांचे विणलेले मोजे घालत. थंडीसाठी नव्हे, उन्हासाठी! लोकर उष्णता अडवते, मग ती आतली असो की बाहेरची. बेदू बायकांच्या मागावरच्या ‘सदू’ विणकामाला युनेस्कोने २०११ मध्ये तातडीने जपण्याच्या यादीत घेतले. वाळूतल्या मोज्यांना तेवढेही भाग्य लाभले नाही.

पुढचा जोड मागवाल तेव्हा एक करा. दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळते ते बहुतेक ॲक्रिलिक असते, आणि ते टाइल्सवर घसरते. खरी लोकर घेऊन द्या, तळ दुहेरी विणायला सांगा आणि खाली चामड्याचा तुकडा शिवून घ्या. गरम पाण्यात मात्र धुऊ नका, आटून त्या नातवाच्या मापाच्या होतील.