नेहमीचेच अज्ञात : रोममधल्या एका फसलेल्या चोरीचा इतिहास



वर्तमानपत्रातलं एक वाक्य आपण इतक्या वेळा वाचलेलं असतं, की ते वाचलं हेही जाणवत नाही : ‘अज्ञात चोरट्यांनी कुलूप तोडून ऐवज लंपास केला.’ इटलीतल्या वर्तमानपत्रांतही याच जातीचा एक ठरीव शब्दप्रयोग होता, ‘ई सोलिती इन्योती’, म्हणजे ‘नेहमीचेच अज्ञात’. जरा थांबून पाहिलं की गंमत कळते. अज्ञात असेल तर तो नेहमीचा कसा? आणि नेहमीचा असेल तर अज्ञात कसा? तर्कशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत आम्ही अशा वाक्याखाली लाल रेघ ओढली असती. मारिओ मोनिचेल्ली या दिग्दर्शकाने १९५८ साली हाच वदतोव्याघात आपल्या चित्रपटाला नाव म्हणून दिला. इंग्रजीत तो ‘बिग डील ऑन मॅडोना स्ट्रीट’ या नावाने ओळखला जातो. आज आपण त्याच्याकडे इतिहासाचा एक कागद म्हणून पाहू, आणि शेवटी एकच प्रश्न विचारू : चोरीत सपशेल हरलेल्या या टोळीच्या हाती काही लागलं का?

आधी दहा वर्षं मागे जाऊ. १९४८ साली देसिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ आला. १९५२ मध्ये मुंबईत आपल्या देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, त्यात तो दाखवला गेला. त्याच्या सुरुवातीचा एक प्रसंग आठवा. नवऱ्याची सायकल सोडवण्यासाठी बायको घरातल्या चादरी गहाण टाकते. पेढीवरचा माणूस ते गाठोडं घेऊन उंच फळ्यांवर चढत जातो, आणि आपल्याला दिसतं की तिथे वरपर्यंत अशीच गाठोडी रचलेली आहेत. एका कुटुंबाची गोष्ट तिथे एका शहराची होते.

ही पेढी म्हणजे ‘मोन्ते दी पिएता’. ‘करुणेची गंगाजळी’ असं त्याचं मराठी करता येईल. गरिबांनी सावकाराच्या तावडीत सापडू नये म्हणून फ्रान्सिस्कन साधूंनी पंधराव्या शतकात या पेढ्यांची चळवळ उभी केली. पेरुजात १४६२ मध्ये, तर रोममध्ये १५३९ मध्ये अशी पेढी निघाली. वस्तू ठेवा, थोडे पैसे न्या, जमेल तेव्हा सोडवा. आमच्या वयाच्या मंडळींना ‘गहाण’ हा शब्द काही पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. कुणाच्या आईच्या पाटल्या, कुणाच्या घरचं पितळी घंगाळ. शाळेची फी अनेकदा तिथूनच आलेली असे.

आणि १९५८ च्या चित्रपटातली टोळी फोडायला निघते ती नेमकी अशीच गहाणाची पेढी! बँक नाही, जवाहिऱ्याचं दुकान नाही. हा निव्वळ योगायोग नसावा असं आम्हाला वाटतं, कारण सुझो चेक्की दामीको या लेखिकेचा हात दोन्ही पटकथांना लागलेला आहे. दहा वर्षांपूर्वी जिथे चादरी ठेवल्या, तिथेच आता भिंत फोडायची.

या दोन चित्रपटांच्या मधे एक तिसरा उभा आहे. १९५५ साली फ्रान्समध्ये झ्यूल दासँचा ‘रिफिफी’ आला. (अमेरिकेतल्या राजकीय काळ्या यादीमुळे तिकडे काम मिळेना, म्हणून हा दिग्दर्शक युरोपात आला होता.) पॅरिसमधलं जवाहिऱ्याचं दुकान फुटतं तो जवळजवळ अर्ध्या तासाचा भाग संवादाशिवाय, संगीताशिवाय चालतो. ते चोर म्हणजे उत्तम कारागीर. आणि त्यांचा कायदाही कडक : साथीदाराने दगा दिला तर त्याला गोळी. मोनिचेल्लीने याचीच थट्टा मांडली. स्पेनमध्ये तर हा चित्रपट ‘रुफुफू’ या नावाने लागला!

आता ही माणसं पाहा. पेप्पे हा मुष्टियोद्धा, फुशारक्या मारणारा आणि तोतरा. शेक्सपिअरच्या नायकांसाठी गाजलेला नट व्हित्तोरिओ गासमन याचं नाक बदलून, केस कपाळावर ओढून त्याला या भूमिकेत आणलं. तिबेरिओ हा छायाचित्रकार. कॅमेरा विकून बसलेला. बायको सिगारेटच्या तस्करीपायी तुरुंगात, त्यामुळे तान्हं मूल याच्या कडेवर. ही भूमिका मार्चेल्लो मास्त्रोयानीची. मारिओ अनाथालयात वाढलेला. फेरीबोत्ते सिसिलीचा, बहिणीला अब्रूच्या नावाखाली घरात कोंडून ठेवणारा. आणि म्हातारा कापान्नेल्ले, ज्याच्या तोंडात सदैव काहीतरी खाण्याचं असतं. तिजोरी कशी फोडावी याचं शिक्षण द्यायला दान्ते नावाचा निवृत्त तज्ज्ञ आहे. महान विनोदी नट तोतो गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये, एखाद्या प्राध्यापकाच्या गांभीर्याने हा तास घेतो. निवृत्त प्राध्यापकांना हा प्रसंग जरा लागतोच.

फेरीबोत्ते रंगवणारा नट मुळात सार्दिनियाचा, त्याला आवाज मात्र सिसिलीचा दिला. कापान्नेल्ले झालेला नट नेपल्सचा, त्याच्या तोंडी बोलोन्याची बोली. म्हणजे टोळी हा इटलीचा नकाशाच आहे. १८६१ मध्ये एक झालेला देश. अजून शंभर वर्षंही झाली नव्हती.

इथे इतिहासातली एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. फॅसिस्ट राजवटीने १९३९ साली एक कायदा केला. मोठ्या शहरात रहिवासाची नोंद हवी असेल तर तिथे नोकरी असल्याचं दाखवा. पण नोकरीसाठी रोजगार कार्यालयात नाव घालायचं तर आधी रहिवास दाखवा! आधी कोंबडी की आधी अंडं? मुसोलिनी गेला, राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं. हा कायदा मात्र १९६१ पर्यंत टिकला. दक्षिणेतून आलेली कितीतरी माणसं रोममध्ये राहत होती, राबत होती, पण दफ्तरात नव्हती. चित्रपट या कायद्याचं नाव घेत नाही. हे वाचन आमचं आहे. पण ‘नेहमीचेच अज्ञात’ हा वदतोव्याघात आता वेगळा दिसू लागतो. रस्त्यावर नेहमीचे, सरकारदरबारी अज्ञात. आणि ही तीच वर्षं, जेव्हा इटलीच्या ‘आर्थिक चमत्कारा’ची सुरुवात होत होती.

आता मैत्रीकडे येऊ. ॲरिस्टॉटल मैत्रीचे तीन प्रकार सांगतो : उपयोगाची, आनंदाची आणि सद्गुणाची. उपयोगाची मैत्री उपयोग संपला की संपते. आपली टोळी उघडच पहिल्या प्रकारची आहे. तिची सुरुवातच फसवणुकीतून होते. कोझिमो नावाचा चोर तुरुंगात आहे. पैसे घेऊन आपला गुन्हा अंगावर घेणारा माणूस त्याला हवा असतो. पेप्पे तयार होतो, पण परिणामी दोघेही आत! मग पेप्पे, आपल्याला मोठी शिक्षा झाली असं भासवून, कोझिमोकडून चोरीचा बेत काढून घेतो आणि स्वतः बाहेर पडतो. कोझिमो पुढे एकट्याने चोरी करायला जातो आणि ट्रामखाली मरतो. विनोदी चित्रपटात मरण असं सहज येतं, हे तेव्हा नवं होतं.

पण पुढे काय होतं? ज्या रिकाम्या घरातून भिंत फोडायची, तिथली मोलकरीण निकोलेत्ता. तिच्यामार्फत किल्ल्या मिळतात. पण पेप्पे ऐन वेळी त्या वापरायला नकार देतो, कारण संशय तिच्यावर येईल. मारिओ प्रेमात पडून टोळी सोडतो. त्याला कुणी गोळी घालत नाही. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये सॉक्रेटिस म्हणतो, की चोरांच्या टोळीलाही आपसात न्याय पाळावाच लागतो, नाहीतर चोरीसुद्धा जमणार नाही. इथे उलटंच! माणुसकी इतकी आड येते, की चोरी जमत नाही.

शेवटी भिंत फुटते. पण घरातलं सामान हलवलेलं असतं, त्यामुळे भिंतच चुकते. पलीकडे तिजोरीची खोली नसून त्याच घराचं स्वयंपाकघर निघतं. आता उपयोग संपला. ॲरिस्टॉटलच्या हिशेबाने ही मैत्री इथेच मोडायला हवी. ही मंडळी काय करतात? चणे घातलेला पास्ता तिथे असतो, तो गरम करून टेबलाभोवती बसून खातात. कुणी कुणावर खापर फोडत नाही. गंमत अशी की, सोबत पुरेसं मीठ खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, ही जुनी म्हण खुद्द ॲरिस्टॉटलनेच मैत्रीच्या प्रकरणात सांगितली आहे. आपणही ‘खाल्ल्या मिठाला जागणं’ म्हणतोच. उपयोग संपला तिथे यांचं मीठ सुरू झालं.

एक आक्षेप आपणच घेतला पाहिजे. ही पुरुषांची मैत्री पाहताना आपण हसतो. तेव्हा एक बहीण कोंडलेली असते, एक बायको तुरुंगात असते, आणि एका मोलकरणीशी जवळीक सुरू होते ती किल्ल्यांसाठी. दुसरं, ती तिजोरी सापडली असती तर? आत दुसऱ्या कुणाच्या तरी पाटल्याच असणार. गरिबांनी गरिबांना लुटलं असतं. चित्रपट हे बोलून दाखवत नाही. पण आम्हाला वाटतं, त्या चुकलेल्या भिंतीने टोळीला तुरुंगाहून मोठ्या गोष्टीपासून वाचवलं.

पहाटे सगळे पांगतात. तिबेरिओ मोडका हात गळ्यात अडकवून निघतो. पोलिसांना चुकवायला पेप्पे बांधकामावर कामाला चाललेल्या मजुरांच्या घोळक्यात शिरतो आणि त्यांच्याबरोबर फाटकाच्या आत ढकलला जातो. बाहेरून म्हातारा कापान्नेल्ले काळजीने ओरडतो, की अरे, ते तुला कामाला लावतील! आपण हसतो. पण नोकरीचा पुरावा नाही म्हणून ज्या शहरात माणसांची नोंद होत नव्हती, तिथे हा गडी चुकून कामाला लागला. वर्तमानपत्रात बातमी येते : नेहमीच्याच अज्ञातांनी भिंत फोडून पास्ता आणि चणे खाल्ले.

बातमीत त्यांची नावं नाहीत. आपल्याला मात्र ती आता माहीत आहेत. उद्या सकाळी पेपरात ‘अज्ञात चोरट्यांनी’ असं वाचाल, तेव्हा त्या शब्दावर क्षणभर थांबा. चोरीचं समर्थन करायचं नाही. फक्त विचारायचं, की हा अज्ञात कुणाला अज्ञात आहे?