किल्ली कोणाकडे होती? मोटार वाहन कायदा, कलम १९९अ : भाष्य

हे कलम १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आले आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून लागू झाले. १९ मे २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, तेव्हा मुलाच्या वडिलांवर लावलेल्या कलमांत हेही होते. गाजला मात्र जामिनाची अट म्हणून मुलाला लिहायला सांगितलेला तीनशे शब्दांचा निबंध. कलमाच्या ओळी येथे क्रमाने, आशय देऊन घेतल्या आहेत.

(१) अल्पवयीनाने या कायद्याखालील गुन्हा केल्यास त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जाईल.

‘या कायद्याखालील’ ही मर्यादा महत्त्वाची. विनापरवाना, बेदरकारपणे किंवा दारू पिऊन गाडी चालवणे हे या कायद्यातले गुन्हे. निष्काळजीपणाने माणसाचा जीव घेणे हा गुन्हा पूर्वी दंड संहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे. म्हणजे मुलाच्या गाडीखाली कोणी गेले, तरी त्या मृत्यूचा गुन्हा या ओळीच्या जोरावर आपोआप बापाच्या माथी येत नाही. चौकाचौकातला समज याच्या उलट आहे, आणि अनेक बातम्याही त्याच समजाने लिहिल्या जातात.

‘पालक किंवा मालक’ म्हटल्यामुळे गाडी मामाची असेल तर मामाही कचाट्यात येतो.

परंतुक : गुन्हा आपल्या नकळत घडला, किंवा तो टाळण्यासाठी आपण सर्व योग्य खबरदारी घेतली होती, हे त्याने सिद्ध केल्यास त्याला शिक्षा नाही.
स्पष्टीकरण : वाहन पालकाच्या किंवा मालकाच्या संमतीनेच वापरले, असे न्यायालय गृहीत धरेल.

ही दोन वाक्ये जोडीने वाचावीत. कलमाचा जीव यांतच आहे. एरवी आरोप सरकारने शाबीत करायचा असतो. येथे संमती गृहीत धरूनच सुरुवात होते आणि ती नव्हती हे दाखवण्याचे ओझे बापावर पडते.

शंका : मग प्रत्येक जण ‘मला पत्ताच नव्हता’ म्हणून सुटेल की! समाधान : म्हणेल प्रत्येक जण, पण पटवायचे कसे? किल्ली फ्रिजवरच्या वाटीत पडलेली. सोसायटीचा वॉचमन रोज संध्याकाळी मुलाला क्लासला गाडी काढताना पाहतो. टोलनाक्यावर फास्टॅगचे पैसे कापल्याचा मेसेज बापाच्याच मोबाइलवर येतो. हा तपशील पुराव्यात आला की ‘नकळत’ टिकत नाही. उलट एखाद्याने किल्ली कुलपात ठेवली आणि पोराने कपाट फोडून ती काढली, तर परंतुक त्याच्यासाठीच आहे. गृहीतक खोडता येते. ते अखेरचा निकाल नव्हे.

(२) याशिवाय तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड.

‘पर्यंत’ फक्त कैदेला आहे. दंड ठरलेला आहे. स्कूटर असो की पोर्शे, रक्कम तीच. ही समानता मला न्यायाची वाटत नाही.

(३) मुलाकडे शिकाऊ किंवा पक्का परवाना असेल आणि तो त्याच परवान्यात बसणारे वाहन चालवत असेल, तर वरील दोन पोटकलमे लागू नाहीत.

सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा, तोही पालकाच्या लेखी संमतीने. ही लुनाच्या जमान्यातली सवलत. आज कॉलेजच्या दारात उभ्या असलेल्या ॲक्टिव्हाचे इंजिन त्याच्या दुपटीहून मोठे असते. ‘लायसन्स आहे ना त्याच्याकडे’ एवढ्यावर निश्चिंत राहणाऱ्या आईबापांनी त्यावर काय लिहिले आहे ते वाचावे.

(४) वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द.

कल्याणीनगरच्या मोटारीची कायम नोंदणीच झालेली नव्हती. अशा गाडीचे काय करायचे, हे पोटकलम सांगत नाही.

(५) मुलाला पंचवीस वर्षे पुरी होईपर्यंत परवाना नाही.

कागदावर ही सगळ्यांना सारखी बंदी. प्रत्यक्षात धनिकाचा मुलगा ड्रायव्हर ठेवतो. ज्याला विसाव्या वर्षी टेम्पो चालवून किंवा डिलिव्हरी करून घर चालवायचे आहे, त्याची रोजीरोटीच जाते. कलमातली सर्वांत कडक शिक्षा हीच, आणि ती नेमकी गरिबाला बोचते.

(६) मुलाला या कायद्यातला दंड. कैदेच्या शिक्षेत बाल न्याय कायदा, २००० नुसार बदल करता येईल.

२००० चा कायदा २०१५ च्या नव्या कायद्याने रद्द झाला होता. तरीही २०१९ च्या दुरुस्तीत जुन्याचेच नाव पडले. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या आधारे तो उल्लेख नव्या कायद्याचा समजता येतो, म्हणून काम अडत नाही. पण मसुदा कोणी नीट वाचला नव्हता, एवढे उघड होते.

राहिली नुकसानभरपाई. ती या कलमात नाही. तिचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे चालतो. परवाना नसलेल्याने गाडी चालवली असेल, तर विमा कंपनीने आधी पीडितांना पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश होऊ शकतो. ‘भाच्याने न विचारता मोटारसायकलची किल्ली उचलली’ असे सांगणाऱ्या मालकाला सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये या वसुलीतून सोडले नाही. ही रक्कम लाखांत जाते. तिच्यापुढे पंचवीस हजारांचा दंड काहीच नाही. आणि मालक म्हणजे ज्याचे नाव आरसीवर आहे तो. जुनी गाडी विकून नाव बदलायचे राहिले असेल, तर आधी आरटीओत जाऊन ते काम उरका.