घोड्याची चंदी आणि गवताची गंजी

मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत, वसईच्या खाडीकाठी घोडबंदर नावाचे गाव आहे. तेथील टेकडीवर पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला अद्याप उभा आहे. पोर्तुगीज अमलात या बंदरावर अरबांशी घोड्यांचा व्यापार चाले, त्यावरून गावास हे नाव पडले असे सांगतात. १७३७ साली साष्टीच्या मोहिमेत मराठ्यांनी हा किल्ला घेतला. तो कोणी व केव्हा घेतला हे आम्ही शिक्षक मंडळी मुलांकडून पाठ करवून घेतो. परंतु या बंदरात उतरलेले जनावर पुढे खात काय होते, हा प्रश्न कोणत्याही परीक्षेत विचारला गेल्याचे मला स्मरत नाही. हल्ली मात्र शर्यतीच्या व स्पर्धेच्या घोड्यांविषयी हाच प्रश्न जगभर चर्चिला जात आहे. ओट, जव, मका ही धान्ये पूर्णपणे वर्ज्य करून केवळ तंतुमय चाऱ्यावर असा घोडा पोसता येईल काय, असा तो प्रश्न. त्याचे पूर्वरूप आपल्याच इतिहासात कसे आढळते, ते आज पाहावयाचे आहे.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो हा व्हेनिसचा प्रवासी आपल्या किनाऱ्याविषयी लिहून गेला. त्याच्या वृत्तान्तात ठाण्याच्या राज्याची एक मासलेवाईक हकीकत आहे. येथील राजाचा समुद्रावरील चाच्यांशी करार होता: लुटीत जे घोडे सापडतील ते राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. राजाला स्वतःचे घोडे नव्हते आणि हिंदुस्थानाकडे येणाऱ्या प्रत्येक गलबतावर घोडे असत. दक्षिणेकडील माबार देशाविषयी तोच प्रवासी सांगतो की, तेथे घोड्यांना शिजविलेला भात व मांस चारतात, आणि दरसाल आणलेले पुष्कळ घोडे मरून जातात. त्यानंतर थोड्याच वर्षांनी वस्साफ नावाच्या फारसी इतिहासकारानेही भाजलेले जव, लोण्यात परतलेला दाणा आणि उकळलेले दूध घोड्यांना देण्याच्या या रीतीवर आश्चर्य व्यक्त केले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणातसुद्धा तांदूळ, जव, मूग, उडीद, तेल, मीठ व मांस यांची मापे दिली आहेत. मोल देऊन आणलेल्या जनावरास माणसाच्या पंक्तीचे अन्न वाढावे, ही बुद्धी अशी फार जुनी आहे. घोड्याच्या पोटाने मात्र ती कधीच मान्य केलेली दिसत नाही.

देशावरील मराठी घोडा याहून साधे खात असे. त्याला रानातले गवत, कडबा आणि तोबऱ्यातून भिजविलेला हरभरा किंवा कुळीथ मिळे. या दाण्यालाच चंदी म्हणत. येथे एक गोष्ट ध्यानात धरावी. हरभरा व कुळीथ ही द्विदल धान्ये होत. ओट, जव, गहू, मका यांसारखी तृणधान्ये नव्हत. आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर भीमथडीच्या तट्टाची चंदी तृणधान्यरहितच होती! अर्थात एवढ्यावरून फुशारकी मारण्याचे कारण नाही. हरभऱ्यातही पिष्ट भरपूर असते, आणि तो बेसुमार चारला तर घोडा आजारी पडतोच.

परंतु माझ्या मते आपल्या इतिहासातील या विषयावरचा खरा मौलिक कागद म्हणजे शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणजवळील हलवर्ण येथे छावणीस असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस पाठविलेले पत्र होय. रयतेविषयीच्या कळकळीचा पुरावा म्हणून ते नेहमी दाखविले जाते, आणि ते यथार्थच आहे. तथापि ते मुळात दाणा-वैरणीचे पत्र आहे, हे आपण विसरतो. पावसाळ्याकरिता साठविलेला दाणा व गवत आहे तोवर मनमानीने चाराल, तर ऐन पावसात काही उरणार नाही. घोडी उपाशी मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्यातील इशारा आहे. मग लोक कुणब्याच्या घरी शिरतील. कोणी दाणे आणील, कोणी गवत, कोणी भाजीपाला. आणि कसाबसा जीव धरून राहिलेला कुणबी गाव सोडून जाईल. पुढे तर महाराज आगीच्या धोक्यापर्यंत येतात. चुली, तंबाखूसाठी घेतलेला विस्तव, इतकेच नव्हे तर दिव्याची वात ओढून नेणारा उंदीरही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. गवत पेटले की पागा गेली, हे त्यांना पक्के ठाऊक होते. राज्य करणाऱ्या पुरुषाने उंदराचा एवढा विचार करावा, याचे मला प्रत्येक वाचनात नवल वाटते. ही दक्षता सुटली म्हणजे काय होते, ते पानिपतावर दिसून आले. १७६१ च्या जानेवारीपूर्वीच रसद तुटून मराठ्यांच्या छावणीत दाणा-वैरण संपली होती, आणि लढाई उभी राहण्याच्या आधीच घोडी मरत होती.

इंग्रजी अमलात मुंबई वाढली आणि गवताची मागणीही तिच्याबरोबर वाढली. १८७४ साली मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, ती १९०५ पर्यंत चालली. तिला शेकडो घोडे लागत. बग्ग्या, व्हिक्टोरिया, लष्करी रिसाले आणि भायखळ्याहून पुढे महालक्ष्मीस गेलेली शर्यत, या सर्वांची पोटे भरावयाची होती. रिसाल्यात घोड्यामागे मोतद्दाराखेरीज गवत आणणारा निराळा माणूस असे. तो खुरप्याने हरळी मुळासकट काढी, माती झटकून व धुऊन भारा बांधी. हा माणूस कोणत्याही युद्धाच्या वर्णनात येत नाही. भाईंदरच्या आसपासच्या खाजणात मीठ पिके आणि भात पिके. परंतु भाताचा पेंढा घोड्याला मानवत नाही. म्हणून गवत उत्तरेकडून, डहाणू-उंबरगावच्या रानातून येई. १८६४ साली रेल्वे मुंबईला पोहोचल्यावर ते वसईच्या खाडीवरील पूल ओलांडून भाईंदरवरून शहराकडे जाऊ लागले.

ते गवत कापणारे वारली लोक सावकार-जमीनदारांच्या वेठीत होते. १९४५ साली श्यामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढारीपणाखाली किसान सभेने त्यांना संघटित केले, तेव्हा मुख्य मागणी गवताचीच होती: ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी. त्याच वर्षी १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जण मरण पावले. जेठ्या गांगड हा त्यांपैकी एक. शहरातील तबेल्यांत पडणाऱ्या पेंढीची ही किंमत इतिहासाच्या पुस्तकात चंदीच्या हिशेबाशेजारीच लिहिली पाहिजे.

आता शास्त्राकडे वळू. घोड्याचे जठर लहान. त्यात दहा-पंधरा लिटरच मावते. मोठ्या आतड्यात मात्र शंभर लिटरांहून अधिक मावते, आणि तेथे असंख्य सूक्ष्मजंतू गवतातील तंतू कुजवून त्यापासून अम्ले तयार करतात. ही अम्लेच घोड्याची शक्ती. उलट, एका वेळी पुष्कळ धान्य दिले की त्यातील पिष्ट लहान आतड्यात पुरते पचत नाही; उरलेले पुढे सरकून आंबते. त्यातून पोटशूळ होतो, खुरांच्या आत दाह होऊन जनावर कायमचे लंगडे होते. विलायतेत ओझ्याच्या घोड्यांना सोमवारचा रोग म्हणून एक विकार होई: रविवारी विश्रांती, परंतु धान्य पूर्ण, सोमवारी गाडीस जुंपताच स्नायू ताठरून घोडा जागीच खिळे. शिवाय घोड्याच्या जठरात आम्लरस अखंड पाझरतो आणि लाळ मात्र चावतानाच सुटते. मूठभर दाणा क्षणात संपतो, मग तासन् तास पोट रिकामे. शर्यतीच्या बहुसंख्य घोड्यांच्या जठरात व्रण आढळतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे. म्हणून घोड्याला दररोज वजनाच्या निदान दीड टक्का कोरडा चारा, म्हणजे ५०० किलोच्या घोड्यास साडेसात किलो, मिळालाच पाहिजे असे आज मानतात. दाणा द्यावा लागतो तो मुख्यतः आपल्या सोयीसाठी. चरण्यास लागणारा वेळ मालकाजवळ नसतो.

मग केवळ चाऱ्यावर घोडा धावेल काय? स्वीडनमधील कृषिविद्यापीठात दुडक्या चालीच्या शर्यतीचे तरुण घोडे धान्याशिवाय वाढवून, शिकवून स्पर्धेस योग्य करून दाखविले आहेत. परंतु तेथे गवत कोवळेपणी, सत्त्व भरपूर असताना कापले होते. आमच्या कोकणातील अडचण नेमकी हीच. गवत कोवळे असते तेव्हा श्रावण-भाद्रपदाचा पाऊस कोसळत असतो, ते वाळविता येत नाही. आणि दसऱ्यानंतर ऊन पडते तोवर ते फुलून, बी झडून काडीसारखे राठ झालेले असते. त्याच्यावर टांग्याचे तट्टू जगेल, महालक्ष्मीच्या मैदानावरील घोडा जिंकणार नाही. पुण्याच्या आसपास लष्करी घोड्यांसाठी पूर्वी पाटाच्या पाण्यावर लसूणघास लावीत. चंदी कमी करू पाहणाऱ्या तबेल्यास आजही प्रथम तशाच ओल्या, भरवशाच्या घासाची सोय पाहावी लागते, आणि तो सुमारे दर महिन्याला, फुलावर येताच कापावा लागतो.