ट्रंक भरताना

बारावीचा निकाल लागला, कॉलेजच्या याद्या लागल्या आणि आमच्या गटातल्या तिघींच्या घरी एकच धांदल उडाली. पोरींना वसतिगृहात पोचवायचंय. काय न्यायचं, सोबत कोण जाणार आणि मुख्य म्हणजे पैशाचं काय. बैठकीत हप्ते राहिले बाजूला, याच्यावरच दोन तास गेले. तेव्हा मनात आलं, आपल्या आधी ज्यांनी लेकरं अशी लांब धाडली, त्यांनी कसं निभावलं असेल? आज तेच सांगतो.

कड्यातून कॉलेजला जाणं ही काही फार जुनी गोष्ट नाही. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. नगर आपल्याला बीडपेक्षा जवळ, पण ते इंग्रजांच्या मुलखात. आपल्या राज्यात शिकायचं तर उस्मानिया विद्यापीठ, १९१८ साली निघालेलं, तेही हैदराबादला आणि शिकवणं उर्दूतून. औरंगाबादला एक इंटरमिजिएट कॉलेज होतं, पदवीसाठी पुढे हैदराबादच गाठावं लागे. घरात मराठी बोलणारं पोरगं उर्दूत परीक्षा देणार. किती आईबापांची हिंमत झाली असेल?

मग थोड्याच दिवसांत बरंच काही घडलं. १९४७ साली डॉ. हिवाळे यांनी नगरला अहमदनगर कॉलेज काढलं. १ जून १९४८ ला नगर-पुणे रस्त्यावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. १७ सप्टेंबरला मराठवाडा मोकळा झाला. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला मिलिंद कॉलेज सुरू केलं आणि ज्यांच्या घरात कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं, अशी मराठवाड्याची लेकरं तिथं राहून शिकली.

आमच्या गटातल्या सगळ्यांत थोरल्या काकूंचे दीर पुढं नगरला शिकायला होते. त्यांची ट्रंक काकूंना अजून आठवते. पत्र्याची, कडीकोयंड्याची, झाकणावर पांढऱ्या रंगानं नाव. आत कपड्यांचे दोन जोड, तांब्या, ताटली, एक वाकळ, कारळाची चटणी आणि तीन दिवस टिकतील एवढे धपाटे. त्यानंतर डबा एस.टी.नं. फडक्यात बांधायचा, कंडक्टरच्या हवाली करायचा, संध्याकाळच्या गाडीला रिकामा डबा घ्यायला उभं राहायचं. फोन नव्हता, पत्र क्वचित. सासूबाईंना लेकाची खबर डब्यावरनंच कळायची. भाकरी तशीच परत आली की म्हणायच्या, पोरगं आजारी दिसतंय, कुणीतरी जाऊन या.

आता वसतिगृह म्हणजे सरकारी इमारत असं आपल्याला वाटतं. पण ते सुरू झालं ते माणसांच्या घरातून. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंगं काढायला मदत केली. साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी जे बोर्डिंग चालवलं, तिथं सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसली. भाऊरावांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. लक्ष्मीबाईंचं किती जणींना?

लक्ष्मीबाई भाऊरावांच्या पत्नी. जुन्या वळणाच्या, सोवळंओवळं पाळणाऱ्या घरात वाढलेल्या. त्यांनी या पोरांना रांधून घातलं, दुखणीखुपणी काढली. संस्थेला पैसे पुरेनात तेव्हा अंगावरचा एकेक दागिना मोडला, आणि शेवटी पोरांच्या पोटासाठी मंगळसूत्रही. मंगळसूत्र मोडणं म्हणजे काय, हे आपल्यातल्या ज्या बाईनं कधी सोनाराकडं गहाण ठेवलंय तिला सांगायला नको. १९३० साली त्या गेल्या. रयत शिक्षण संस्था पुढं केवढी पसरली, ते बघायला त्या राहिल्या नाहीत. आमचं मत विचाराल तर भाऊरावांच्या प्रत्येक फोटोशेजारी त्यांचा फोटो हवा.

ही सगळी मुलांची गोष्ट झाली. मुलींची त्याच्याही आधी सुरू झालेली आहे, हे आम्हाला स्वतःला नवीन होतं. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं. राहून शिकायची सोय, विधवांसाठी. तिथं पहिली विधवा विद्यार्थिनी आली ती कोकणातली गोदूबाई जोशी. लहानपणीच नवरा गेलेला, सासरी राबणं एवढंच पुढं दिसत होतं. तिला मुंबईला आणलं तिच्या भावानं, नरहरपंतांनी. त्या काळी विधवा बहिणीला घराबाहेर शिकायला ठेवणं म्हणजे गावाच्या तोंडाला तोंड देणं. हीच गोदूबाई पुढं १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून बाया कर्वे झाली. १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याला झोपडीत नेला. त्यातूनच पुढं १९१६ साली बायकांचं विद्यापीठ उभं राहिलं.

आता आमच्या बैठकीकडं येऊ. तिघींपैकी एकीचे आईवडील ऊसतोडीला जातात. पोरगी नगरला नर्सिंगला लागली. २०२४ पासून सरकारनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या बऱ्याच मुलींची अशा शिक्षणाची फी माफ केली, हे खरं. पण खोलीचं डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे आणि गादी-बादली माफ नाही. गटाकडं दहा हजार मागितले. दोघीतिघी म्हणाल्या, नापास झाली तर? त्यावर थोरल्या काकू एवढंच बोलल्या, “लग्नाला मागितले असते तर हा प्रश्न विचारला असता का गं?” पैसे मंजूर झाले.

आताच्या ट्रंकेत वाकळीपेक्षा कागद जास्त. टी.सी., उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि वैधता, आधार, बँकेचं पुस्तक, फोटो डझनभर. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स काढा आणि मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळे ठेवा, पोरीच्या हातात. आम्ही मागच्या वर्षी एका ठिकाणी फक्त एका सहीसाठी परत आलो, दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं गेलं. रॅगिंगविरोधी मदतीचा नंबर १८००-१८०-५५२२ कागदावरही लिहून द्या, मोबाइल हरवतो.

पण खरा अडला तो फॉर्मातला एक रकाना. ‘स्थानिक पालक’. आईबाप दसरा-दिवाळीच्या सुमाराला कारखान्यावर जाणार, ते उन्हाळ्यातच परत. दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह रिकामं करायला लावतात. पोरगी कड्याला येणार आणि घराला कुलूप. मुलगी मोठी झाली, एकटी कुठं ठेवायची, म्हणून तिला कोपीवर न्यायचं, नाहीतर लग्न उरकायचं, हे आपल्या तालुक्यात कितीदा घडलंय, सगळ्या जाणतो. या एका सुट्टीत शिक्षण सुटतं.

शेवटी त्या रकान्यात आमच्यातल्या एकीच्या नगरला दिलेल्या लेकीचं नाव घातलं. तिच्या नवऱ्याला आधी विचारलं, बरं का. आणि घराची दुसरी किल्ली थोरल्या काकूंकडं. २०२२ पासून नगरहून आष्टीला रेल्वे येते, आता ती बीडपर्यंत जाते आणि मध्ये कड्याला थांबते. सुट्टीच्या दिवशी स्टेशनावर कोण जाणार, ते ठरलंय. रात्रीचं झोपायला काकूंकडंच, आणि दिवाळीचे चार दिवस कोणाकडं जेवायचं त्यावर मात्र भांडण झालं, सगळ्यांनाच ती आपल्या घरी हवी होती.