नकाशावरील नांवें : रशियांतील कांहीं शहरें

संगणकावर खेळावयाच्या डावपेचांच्या खेळांत ‘सिव्हिलायझेशन’ या खेळाचें नांव मोठें आहे. सिड मायर यांनीं रचलेला हा खेळ १९९१ सालीं प्रथम बाजारांत आला. खेळणारानें एक राष्ट्र निवडावयाचें, इसवी सनापूर्वीं चार हजार वर्षांपासून आरंभ करून गांवें वसवावयाचीं, आणि शेजाऱ्यांशीं तह वा युद्ध करीत आधुनिक काळापर्यंत येऊन पोहोंचावयाचें, अशी त्याची रचना. प्रत्येक राष्ट्रासाठीं शहरांच्या नांवांची यादी आधींच तयार असते. नवें गांव वसलें कीं यादींतील पुढचें नांव त्याला मिळतें. रशियाच्या त्या पहिल्या यादींत मॉस्कोच्या खालोखाल लेनिनग्राड होतें, आणि पुढें कीव्ह व स्वेर्दलोव्स्क हींही होतीं. मनुष्य अद्याप नांगर धरावयास शिकत आहे, आणि नदीकांठीं लेनिनच्या नांवाचें नगर उभें राहत आहे!

ही विसंगति हंसून सोडून देण्यासारखी वाटेल. पण ज्या वर्षीं ती यादी लोकांपुढें आली त्याच वर्षीं ती शिळी झाली, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. १२ जून १९९१ रोजीं लेनिनग्राडच्या नागरिकांनीं मतदान करून आपलें जुनें नांव परत मागितलें, आणि सप्टेंबरांत तें शहर पुन्हां सेंट पीटर्सबर्ग झालें. त्याच महिन्यांत स्वेर्दलोव्स्कचें येकातेरिनबुर्ग झालें. कीव्हबद्दल तर बोलावयासच नको. २४ ऑगस्टलाच युक्रेननें आपलें स्वातंत्र्य जाहीर केलें होतें. यादी करणाऱ्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. खेळाला प्रत्येक शहराचें एकच नांव हवें असतें, आणि रशियांतील कित्येक शहरांना असें कालातीत नांव नाहींच. त्यांच्या प्रत्येक नांवाला जन्मतिथि आहे, बहुतेकांना मृत्युतिथिही आहे. त्यांतून एक उचलणें म्हणजे नकळत एक राजवट उचलणें होय.

झार पीटरनें १७०३ सालीं नेव्हा नदीच्या मुखाशीं नवें नगर वसविलें, तेव्हां त्याला नांव दिलें तें स्वतःचें नव्हे, तर ख्रिस्तशिष्य संत पीटरचें; आणि दिलें तें परदेशी वळणाचें. १९१४ सालीं जर्मनीशीं युद्ध जुंपतांच त्यांतील ‘बुर्ग’ हा जर्मन शब्द रशियनांच्या डोळ्यांत खुपूं लागला, आणि राजधानी पेट्रोग्राड झाली. (ग्राड म्हणजे नगर. आपल्या ‘गडा’शीं ध्वनि जुळतो, एवढ्यावरून नातें जोडूं नये.) २१ जानेवारी १९२४ रोजीं लेनिन वारला, आणि पांचच दिवसांनीं पेट्रोग्राडचें लेनिनग्राड झालें. पुढें याच नांवाखालीं त्या शहरानें ८७२ दिवसांचा जर्मन वेढा सोसला. उपासमारीनें व थंडीनें लाखों माणसें मेलीं. म्हणून १९९१ च्या मतदानांत जुन्या नांवाच्या बाजूनें अवघीं चौपन्न टक्के मतें पडलीं, याचें आश्चर्य वाटूं नये. वेढ्यांत ज्यांचीं माणसें गेलीं त्यांच्यापैकीं पुष्कळांना ‘लेनिनग्राड’ या शब्दांत लेनिन ऐकूंच येत नसेल. भोंवतालच्या प्रांताचें नांव मात्र आजही लेनिनग्राड प्रांत असेंच आहे, आणि मॉस्कोहून पीटर्सबर्गला जाणारा उतारू लेनिनग्राड स्टेशनावर गाडींत बसतो.

लेनिनचें नांव निदान त्याच्या मरणानंतर दिलें गेलें. त्याच्यामागून आलेल्यांना तेवढाही धीर नव्हता. कालिनिन, गॉर्की, मोलोटोव्ह हे हयात असतांनाच अनुक्रमें त्व्हेर, निझ्नी नोव्हगोरोड आणि पेर्म या शहरांना त्यांचीं नांवें चिकटलीं. १९५७ सालीं मोलोटोव्ह सत्तेवरून घसरला, आणि पेर्मला आपलें नांव परत मिळालें. जिवंत माणसाचें नांव यापुढें गांवाला देऊं नये, असा हुकूमही त्याच वर्षीं निघाला. जिवंत माणूस पदच्युत होऊं शकतो, एवढा व्यवहार सरकारला आतां कळला होता. पण मेलेल्यांचीही शाश्वति नसते. व्होल्गाकांठच्या रिबिन्स्क गांवाची तर कींव यावी. १९४६ सालीं तें श्चेर्बाकोव्ह झालें, १९५७ सालीं पुन्हां रिबिन्स्क, १९८४ सालीं आंद्रोपोव्ह आणि १९८९ सालीं फिरून रिबिन्स्क. ‘रिबा’ म्हणजे मासा. कोळ्यांच्या वस्तीवरून पडलेलें तें साधें नांव दोन्ही पुढाऱ्यांना पुरून उरलें.

या सर्वांत अवघड प्रकरण स्टालिनग्राडचें. व्होल्गेवरील या ठाण्याचें मूळ नांव त्सारित्सिन. तें ऐकून झारच्या राणीची आठवण व्हावी. परंतु पिवळ्या पाण्याच्या अर्थाच्या तुर्की शब्दावरून तें आलें असावें, असें अभ्यासक मानतात. यादवी युद्धांत स्टालिननें तेथें कांहीं काळ कारभार पाहिला होता, त्याचें निमित्त करून १९२५ सालीं शहराला त्याचें नांव देण्यांत आलें. १९४२ च्या ऑगस्टपासून २ फेब्रुवारी १९४३ पर्यंत तेथें जी लढाई झाली, तिनें हें नांव जगाच्या तोंडीं केलें. पॅरिसमधील एका भुयारी स्टेशनाला तें लाभलें. इकडे मुंबईंत अण्णा भाऊ साठे यांनीं ‘स्टालिनग्राडचा पवाडा’ रचला. पुढें १९६१ सालीं अण्णा भाऊ रशियाच्या प्रवासास जाऊन आले; त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्या शहराचें नांव पुसून व्होल्गोग्राड करण्यांत आलें. स्टालिनचें शव त्यापूर्वीं थोडेच दिवस लेनिनच्या शेजारून हालविलें होतें.

येथें न्याय कोणता? ज्यांचे बाप-भाऊ स्टालिनच्या छावण्यांत कुजून मेले, त्यांनीं घराच्या पत्त्यावर त्याचें नांव रोज कां लिहावें? पण त्या शहराच्या पडक्या घरांतून जे लढत मेले, त्यांची रणभूमि व्होल्गोग्राड नव्हती. आमच्या मतें लढाईला तिचें नांव राहूं द्यावें आणि जित्या शहराला नदीचें. पवाड्याचें नांव जसें आतां बदलतां येत नाहीं, तसेंच तें लढाईचेंही. आणि महायुद्धावर रचलेल्या खेळांत व्होल्गोग्राड लिहिणें हें इतिहासाला सोडून होईल. मॉस्कोंत क्रेमलिनच्या तटालगतच्या स्मारकशिळेवर २००४ सालीं व्होल्गोग्राड खोडून स्टालिनग्राड कोरलें, तें आम्हांला योग्य वाटतें. परंतु २०२५ सालीं त्या शहराच्या विमानतळाला स्टालिनग्राड हें नांव देण्यांत आलें, तें तसें वाटत नाहीं. विमानतळावर कोणी लढाई स्मरावयास जात नाहीं. तेथें नांव येतें तें रोजच्या व्यवहारांत शिरण्यासाठीं.

मागें त्व्हेरचा उल्लेख आला. १९३१ पासून १९९० पर्यंत तें कालिनिन होतें. कालिनिन वारल्यावर त्याचेंच नांव कांटच्या कोनिग्सबर्गलाही मिळालें, आणि तें अजून सुटलेलें नाहीं. महाराष्ट्राला त्व्हेर परकें नसावें, कारण १४६९ च्या सुमारास चौलला उतरून जुन्नरांत पावसाळा काढणारा प्रवासी अफनासी निकितीन हा तेथलाच व्यापारी. त्याला आपण सहज रशियन म्हणतों. पण त्याच्या वेळीं त्व्हेर हें मॉस्कोपासून वेगळें राज्य होतें, आणि मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हाननें तें घेतलें तें १४८५ सालीं. परततांना निकितीन स्मोलेन्स्कजवळ वारला. तें स्मोलेन्स्कही तेव्हां लिथुआनियाच्या सत्तेखालीं होतें, आणि कीव्हही. आज खेळाच्या यादींत एका रंगाखालीं नांदणारीं हीं शहरें त्या काळीं तीन गांठोड्यांत बांधावीं लागलीं असतीं. निकितीनचा पुतळा व्होल्गेच्या कांठीं त्याच्या जन्मगांवीं १९५५ सालीं उभारला गेला, आणि तेव्हां त्या गांवाचें नांव त्व्हेर नव्हतें.